न चढलेल्या बांगड्या

राजीनामा पर्समध्ये ठेवून मी कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला निघाले होते. जोखमीच्या गरोदरपणाचं शास्त्र शिकण्यात बारा वर्षं घालवली, पदकं मिळवली आणि मग लोणावळ्याजवळच्या एका दवाखान्यात रुजू झाले. पहिल्याच वर्षी एक बाई म्हणाली, "मॅडम, हात लय जड झाल्यात." त्या दिवशी तिचा रक्तदाब ठीक होता. "सूज येतेच," म्हणून मी तिला घरी पाठवलं. आठवड्याने तिला झटके आले. ती वाचली, बाळ गेलं. वरिष्ठांनी मला दोष दिला नाही. मी स्वतःला दिला. त्यानंतर कुणाच्याही पोटावर हात ठेवायची मला भीती वाटू लागली. देवीवरचा विश्वासही तसा बेताचाच. पण ती सासरची कुलस्वामिनी, तेव्हा काम सोडण्याआधी ओटी भरून तिला सांगावं, एवढंच मनात होतं.

हिरव्या बांगड्या घ्यायला पायथ्याशी थांबले. दुकानातल्या मावशी पिढ्यान्पिढ्या हाच धंदा करणाऱ्या मुसलमान घरातल्या. त्यांच्यासमोर जवळच्या वडिवळे गावची एक आठ महिन्यांची गरोदर मुलगी सासूबरोबर बसली होती. मावशींनी तिचा पंजा दाबून पाहिला आणि बांगड्या बाजूला ठेवल्या.

"म्या न्हाई भरनार. मागल्या बाजाराला कामशेतात हिला अडीचच्या मापाच्या भरल्या, आज पावणेतीनच्या चढंनात. आदी डाक्टरला दावा, मग देवीला."

"दिवसात सूज येतीच की," सासू म्हणाली.

माझंच वाक्य! मी पुढे होऊन मुलीला विचारलं, "डोकं दुखतं का गं?"

"व्हय. डोळ्यापुडं काजवं बी चमकत्यात."

"काकू, मी डॉक्टर आहे. हिला घेऊन माझ्या गाडीत बसा."

दवाखान्यात पोचल्यावर रक्तदाबाचा भलताच चढलेला आकडा पाहिला आणि कामाला लागले. घाबरायला सवडच नव्हती. दुपारी शस्त्रक्रिया झाली. जेमतेम दीड किलोची मुलगी काही आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि मग आईच्या कुशीत घरी गेली.

याला कुणी योगायोग म्हणेल, मी वाद घालणार नाही. मला शिकून जे उमगलं नव्हतं, ते मावशींच्या बोटांना कळत होतं, आणि ते ऐकवायलाच देवीने मला पायथ्याशी थांबवलं असं मी मानते. सगळं आपल्यालाच कळायला हवं, हा माझा हट्ट त्या दिवशी सुटला. आता तपासताना मी प्रत्येकीला बांगड्या घट्ट होतात का, ते विचारते.

महिन्याभराने ओटी घेऊन वर गेले. हात जोडले, डोळे भरून आले. राजीनाम्याचं सांगायचं राहूनच गेलं.