धुराचा दगड

आमच्या थोरल्या मामांइतकं दगडावर प्रेम केलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी बोअरच्या गाडीवर काढली. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ते आधी फरशी बोटाने वाजवून बघत, आणि वाटेतला खडा उचलून सरळ जिभेला लावत. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलगी राहिली बाजूला, मामा परसातल्या विहिरीत डोकावून आले आणि माझ्या कानात म्हणाले, "बिलकुल हो म्हण. खाली काळा पाषाण हाय." त्या पाषाणावर माझा संसार आजवर बरा चालला आहे.

मग कुंभार पिंपळगावजवळच्या त्यांच्या गावात खोल बोअर घेणारं एक मोठं यंत्र आलं. कारखान्यांच्या धुरातला कार्बन वायू पकडायचा, पाण्यात मिसळून खोल काळ्या दगडात सोडायचा, म्हणजे तिथे हळूहळू त्याचाच दगड होतो. इथला खडक त्या कामाचा आहे का, एवढंच तपासायचं होतं. गाव बिथरलं. "वायू वर आला मंग?" मामांनी घरोघरी जाऊन समजूत काढली, "नुसता दगड बघून राह्यलेत. बघू द्या." स्वतः मात्र रोज भाकरी बांधून तिथेच. कामावरच्या तरुण भूगर्भशास्त्रज्ञ बाई खालून निघालेले दगडाचे गोल दांडे त्यांच्या हातात देत, आणि मामा ते तान्ह्या लेकरासारखे घेत.

एके दिवशी दगड कापताना यंत्रातून सोडलेलं पाणी वर परत न येता खालीच गडप होऊ लागलं. त्याच दुपारी मामांच्या विहिरीचं पाणी राखेसारखं गढूळ झालं. दोन्हींचा संबंध फक्त त्यांच्याच ध्यानात आला.

"सांगितलं तर यंत्र जाईल तुमचं," मामी हळूच म्हणाली.

मामांनी विहिरीत पोहरा सोडला. मग बादली भरून बाईंकडे गेले. "बाई, खाली भेग हाय. तुमचा वायू इथं टिकायचा न्हाई."

बाईंनी खात्रीसाठी यंत्राच्या पाण्यात हिरवा रंग सोडला. दुसऱ्या दिवशी मामांची विहीर पोपटासारखी हिरवीगार! आठवड्यात यंत्र शहागडच्या दिशेने गेलं. जाताना बाई मामांच्या पाया पडल्या.

परवा भेटलो तेव्हा मी विचारलं, "मामा, वाईट वाटलं होतं का?"

"झालं ते बराबर झालं." मग त्यांनी विचारलं, "दुसरीकडं कुठं जमलं का रे त्यांचं?"

मला ठाऊक नव्हतं.

"कळलं की जल्दी सांग," ते म्हणाले. "माझंबी वय झालं आता."