गुर्द्यावरचे तीळ

सोलापूरच्या कत्तलखान्यात मी कारकून होतो, तेव्हा डुकरं तपासायला एक गुरांचे डॉक्टर यायचे. कापलेल्या डुकराचा गुर्दा सोलून ते उजेडात धरायचे. त्यावर बारीक तांबडे ठिपके दिसले की म्हणायचे, “तीळ आलेत.” म्हणजे डुकराला साथीचा ताप होता. मग ते मांस कुणी खायला नेऊ नये म्हणून, कुणी काही बोलायच्या आत ते त्यावर फिनेल ओतायचे. संक्रांतीला मी दिलेला तिळगूळ त्यांनी खिशात टाकला, तोंडात घातला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि ही साथ जोरात आली. डुकरं पाळणारी एक म्हातारी एकच डुक्कर घेऊन आली. गुर्दा पाहून डॉक्टर म्हणाले, “तीळ आलेत,” आणि त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

“सायेब, हे खाऊन माणसाला काय होतं का?”

“नाही.” खोटं ते कधी बोलत नसत.

“मग?”

“खरकट्यातून दुसऱ्या डुकरांना होतं, आजी.”

“दुसरी कुटं हायत? मेली की समदी. ह्येच शेवटचं.”

डॉक्टर पहिल्यांदाच थांबले. गुर्दा त्यांनी पुन्हा उजेडात धरला. तीळ होतेच.

मग त्यांनी बाटली उपडी केली, आणि ती पुरती रिकामी होईपर्यंत म्हातारीकडे पाहिलं नाही.