म्हशीची बादली

भूतखेत, चमत्कार — माझा विश्वास नव्हता, आजही नाही. शाळा चौथीपर्यंत, पण डोकं शाबूत आहे. तरी हे लिहितो, कारण उत्तर सापडत नाही.

शिरपूरजवळ आमचं खेडं. बायकोला, सुमनला, विसरायचा आजार झाला. डिमेन्शिया. शेवटी तर तिने मलाच सालदार ठरवलं — म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी! घरात पाऊल टाकलं की ओरडायची, "ओसरीवर बस रे!" मी चिडून म्हणायचो, "अगं, नवरा आहे तुझा!" की रडारड, जेवण बंद.

मग धुळ्याहून आठवड्यातून दोनदा लताताई यायला लागल्या. असं माणूस घरी कसं सांभाळायचं ते शिकवायच्या. म्हणाल्या, "आबा, वाद घालू नका. सालदार म्हणतात ना? व्हा सालदार."

झालो. काय करता!

सुमनचा रोजचा हुकूम, "म्हैसले पानी दाव." म्हैस विकून नऊ वर्षं झालेली. तरी मी सकाळी बादली भरून रिकाम्या गोठ्यात ठेवायचो. संध्याकाळी बादली कोरडी ठणठणीत...

"गळत असेल," लताताई म्हणाल्या. ओसरीवर दिवसभर भरून ठेवली, थेंब गळला नाही. मग गोठ्याला कुलूप, किल्ली ताईंच्या पर्समध्ये. संध्याकाळी उघडलं तर रिकामी! "आबा, हे मी रिपोर्टात काय लिहू?"

म्हटलं, "लिहा, म्हशीची तब्येत उत्तम."

पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली अन् मी घाबरलो. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं अन् नवं ठरतं. हिने हाकललं तर स्वतःच्या घरातून जायचं कुठे? सकाळीच बोलावलं तिने. मी हात जोडून उभा.

"म्हैसनं पानी तू कधी चुकाडं नही," ती म्हणाली. "यंदाबी ऱ्हाय. आमना मालक तोंडना फाटका शेतस, पन मनना भला शेतस. घाबरू नको."

मी तोंडाचा फाटका, पण मनाचा भला, हे पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला कधी सांगितलं नाही. सालदाराला सांगितलं!

दिवाळीनंतर ती गेली. त्या दिवसापासून बादली भरलेलीच राहायची. मी रोज ओतायचो, रोज भरायचो... घर खायला उठायचं, तेवढंच काम.

यंदाच्या आखाजीला, गेलेल्या माणसासाठी भरतात तशी, तिच्या नावाची पाण्याची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सणाला आलेल्या सुनेने सांजोऱ्या केल्या. मग बादली गोठ्यात नेली, कुलूप लावलं.

संध्याकाळी रिकामी.

लताताईंना फोन लावला. "कशामुळे असेल हो, आबा?"

"मला काय माहीत, बाई? पण यंदाचं साल मिळालं मला."