निळ्या केसांची वेणी

काल खोबरेलाची बाटली उघडली आणि लालबागच्या खोलीतली एक संध्याकाळ आठवली. आई माझी वेणी घालत होती. माझ्या मांडीवरच्या कागदावर मी काढलेली जपानी अ‍ॅनिमेतली, म्हणजे कार्टूनमधली, मुलगी होती, बशीएवढ्या डोळ्यांची, उडत्या निळ्या केसांची.

"तिन्हीसांजेक केस मोकळे? हिका आवस नाय काय वेणी घालूक?" म्हणत माझ्या आवशीने, म्हणजे आईने, तेलकट हातानेच पेन्सिल घेतली आणि त्या केसांवर जाड वेणी काढली.

चित्र बिघडलं म्हणून मी रडले आणि वेणी खोडून टाकली. आईने आयुष्यात काढलेलं ते एकच चित्र.

आता आई नाही. तो कागद आहे. तिने पेन्सिल एवढी दाबली होती, की अजून बोट फिरवलं तर वेणीचे पेड हाताला लागतात.