टोपऱ्याची बाहेरची दुमड

शिवणकामाच्या तासाला मी मुलींना एक गोष्ट नेहमी सांगत असे: कपडा आधी उलटा करून पाहा. कामातला निष्काळजीपणा उलट्या बाजूला दिसतो. माझी चूक मात्र सुलट बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

माझी सून चाकणच्या एका लहान कारखान्यात लोखंडाचे जोड ग्राइंडरने घासते. तिथे चेहऱ्यापुढे लावायला पारदर्शक ढाल मिळते. कान आणि मान उघडी राहते. म्हणून दिघीहून स्कूटरवर निघताना तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ ती कामावरही सोडत नसे. एकदा ठिणगीने त्याला भोक पडले. तसले कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते, हे मी तिला समजावले आणि जाड सुती कापडाचे टोपरे शिवून देते म्हणाले.

काम मी शिस्तीने केले. कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतले, म्हणजे नंतर आटणार नाही. डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंतचे अंतर, हनुवटीपासून खांद्यापर्यंतचे अंतर वहीत लिहिले. वर्तमानपत्रावर बेतून पाहिले. दोराही सुती घेतला. नाकातोंडावरून एक पट्टी नेऊन ती मागे नाडीने बांधायची सोय केली. डोळे तेवढे उघडे. त्यांवर ढाल येणार होतीच.

शेवटी खालचा काठ उरला. तान्ह्या बाळाच्या झबल्याची आणि टोपऱ्याची शिवण आपल्याकडे बाहेर ठेवतात, कोवळ्या कातडीला बोचू नये म्हणून. सुनेच्या मानेवर घामोळे उठले होते. मी तोच विचार केला. काठ बोटभर बाहेर, वरच्या बाजूला दुमडला आणि मऊ राहावा म्हणून सैल तुरपाई घातली.

पहिल्या दिवशी तिथल्या बायकांनी तिला बारसे कधी आहे, असे विचारून हैराण केले. आठवडा संपण्याआधी त्यांच्यापैकी चौघींनी आपापली मापे चिठ्ठीवर लिहून पाठवली. मी चारही टोपरी त्याच बेताने, त्याच दुमडीने शिवून दिली. निवृत्तीनंतर इतके समाधान मला क्वचितच मिळाले होते.

गुरुवारी कारखान्याला सुटी असते. सुनेचे टोपरे धुवायला घेतले, तेव्हा मागच्या दुमडीत बोट अडकले. तुरपाईच्या दोन टाक्यांमधली जागा खिशासारखी वर उघडी होती. तळाशी काळी भुकटी होती आणि कापडाला आरपार भोक. ठिणगी वरून आली होती, त्या खिशात बसली होती आणि धुमसत राहिली होती. काठ बाहेर दुमडलेला नसता तर ती घरंगळून गेली असती.

मी सुनेला केस बाजूला करायला सांगितले. मानेवर वाटाण्याएवढा डाग होता, कडेने सुकत आलेला.

“कधीचं आहे हे?”

“झाले चार-पाच दिवस.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

ती खाली पाहत म्हणाली, “आई, तुम्ही त्या चौघींची टोपरी हौसेनं शिवत होतात. तुमच्या शिवणात मी चूक कशी काढू?”

तीस वर्षे मी मुलींच्या चुका लाल पेन्सिलीने दाखवल्या. माझी चूक मला दाखवायला मात्र मी घरात कुणाला शिकवले नव्हते. मी तिच्या मानेला मलम लावले आणि उद्या सगळी टोपरी परत आण, एकही डोक्यावर राहू देऊ नकोस, म्हणून बजावले.

तीन परत आली. मी तुरपाई उसवली, दुमडी आत घेतल्या आणि मशीनवर दोन ओळींची शिलाई मारली. चौथी बाई तिथे नव्हती. कंत्राट संपल्यावर ती दुसऱ्या कंपनीत गेली होती. कोणत्या, ते कुणाला नक्की ठाऊक नव्हते. तिचा फोन बंद लागतो. टोपरे तिने जाताना आठवणीने बरोबर नेले, असे बाकीच्या सांगतात.

तिची मापे माझ्या वहीत आहेत. आळंदीच्या बाजूला ती खोली घेऊन राहते, एवढेच सुनेला माहीत आहे. तिकडून जाताना सून रस्त्यावरच्या बायकांकडे पाहत स्कूटर हळू चालवते. संध्याकाळी घरी आल्यावर ती स्कार्फ सोडते आणि मी काही विचारण्याआधीच नकारार्थी मान हलवते.