वर्षाच्या नऊ फुल्या

दीपाला गावात आगाऊ म्हणायचे, आणि ती होतीच आगाऊ. तिची लेक आदिती बोलताना अडखळायची. शाळेत पोरं नक्कल करायची, आणि बाईंनी तिला वाचायला उभं करायचंच सोडलं. त्या दिवशी दीपानं दप्तर उचललं, पोरीला घरी आणलं आणि स्वतः शिकवायला बसली. शिरोळात असलं कुणी केलं नव्हतं.

सासरे शांतिनाथ दोन वर्षं गप्प राहिले. मग मे महिन्यात ते शाळेतल्या हंबीरराव गुरुजींनाच घरी घेऊन आले. खिशात गारगोटीच्या वसतिगृहाचा फॉर्म.

"वर्षात दोनशे दिवस शाळा भरली असंल तर ठीक. न्हायतर जूनपासनं पोरगी गारगोटीला," सासरे म्हणाले.

"हजेरी कुठं हाय?" गुरुजींनी विचारलं.

दीपानं खिळ्यावरचं गेल्या वर्षाचं कॅलेंडर काढून दिलं. गुरुजींनी बारा पानं उलटली.

"फुल्या नऊ. अहो, एवढे दिवस तर आमचं गॅदरिंग चालतंय."

शांतिनाथांनी फॉर्म बाहेर काढला. दीपा जागची हलली नाही.

"मामंजी, दूध आलं न्हाय तर तुम्ही काय करता?"

"खाडा मांडतो. त्या तारखेला फुली."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर कशाला मांडायचं..." म्हातारा मध्येच थांबला.

"हे शाळेचे खाडे हायत. पाच दिवस तिला ताप होता, चार दिवस माझी आई दवाखान्यात. बाकी रोज शाळा."

"पुरात पण?" गुरुजी हसले.

"पुरात तर डबल. तुमच्याच शाळेत राहायला होतो की. पायरीवर रेघा मारून पाणी तासाला किती चढतंय ते तिनं काढलं. खडू तुमचाच होता."

गुरुजी चष्मा पुसू लागले.

"पण गावाला काय सांगू?" शांतिनाथ म्हणाले.

"बघायला या म्हणावं. पण उद्या. आज तुमच्या चौकशीत वाचन राहिलंय. यंदा अजून एकबी खाडा न्हाय. पडला तर तुमच्या नावानं. घ्या, तुम्हीच मारा फुली." तिनं पेन पुढं धरलं.

जन्मभर दूधवाल्याचे खाडे मांडलेला माणूस. पेनाला हात लावेना.

"आदे, पुस्तक आण," ते म्हणाले.

आदिती वाचू लागली. एका शब्दाला अडकली. गुरुजी सांगायला गेले, तर शांतिनाथांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा. काढंल ती."

तिनं काढला. पुढचं पानही वाचलं.

निघताना गुरुजींनी फॉर्म मागितला.

"राहू द्या," शांतिनाथ म्हणाले. "मागनं कोरा हाय. गणितं सोडवंल पोरगी."