सात रिकाम्या पुड्या

दवाखान्याच्या औषधखिडकीत बसणारी ताई महिन्याच्या गोळ्या कुणाही म्हाताऱ्याच्या हाती एकदम ठेवत नसे. सात दिवसांच्या सात पुड्या, आणि पुढच्या हव्यात तर मागच्या रिकाम्या पुड्या दाखवायच्या. डॉक्टर हसत, "किती ती हौस!" ताई म्हणे, "महिन्याच्या दिल्या तर कुणी आठवड्यात संपवेल, कुणी वर्षभर पुरवेल. एकेकाला ओळखून आहे मी."

तिचे लाडके गिऱ्हाईक म्हणजे घड्याळआजोबा. मंगळवारी नऊच्या ठोक्याला हजर, सातही पुड्या घडी करून. तरी त्यांचे बीपी काही उतरेना. शेवटी डॉक्टरांनी बजावले, "पंधरा दिवस बघू. नाहीतर शहरात मुलाकडे राहायला जा."

आजोबांच्या पाचावर धारण बसली. "पोरी, त्या तिसऱ्या मजल्यावर जीव गुदमरतो गं माझा. इथली बाग, म्हातारी, सगळं सोडून जाऊ कसा?"

ताईला वाईट वाटले. संध्याकाळी ती त्या पुड्या न्याहाळत बसली. पुड्या अगदी इस्त्री केल्यासारख्या! गोळी घेणारा माणूस पुडी फाडतो, चुरगाळतो. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होते.

दुसऱ्या दिवशी ती थेट त्यांच्या घरी धडकली. आजीने बटणांचा डबा पुढे केला. "हे रोज सकाळी यात काय खुडबुडतात, बघ बाई."

बटणांखाली चाळीसेक गोळ्या!

आजोबा खाली मान घालून म्हणाले, "मी धडधाकट आहे. उद्या हिला लागल्या तर? म्हणून साठवल्या."

"मला काय धाड भरलीय?" आजी कडाडली. पण डोळ्यांना पदर लावलाच.

ताईने डबा जप्त केला. त्या दिवसापासून पुड्या आजीच्या ताब्यात गेल्या.

पंधरा दिवसांनी दोघे मिळून आले. डॉक्टरांनी बीपी दोनदा तपासले आणि शहराचा विषयच काढला नाही. आजोबांनी ऐटीत खिडकीत सात चुरगाळलेले बोळे ठेवले.

ताईने एक उलगडून पाहिला. "मुद्दाम नाही ना चुरगाळले?"

"हिला विचार! गोळी गिळली की तोंड उघडून दाखवायला लावते."

"लावणारच," आजी म्हणाली. "माझ्यासाठी औषध साठवणारा माणूस शहरात पाठवून मी इथे कुणाशी भांडू?"